शेरेबाजी, पूर्वग्रह आणि वंशवाद: जरा वेगवेगळं बघा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत सध्या वर्णद्वेषावरून जी जुंपलीये ती मी चहासोबत वाचतोय. एका गटाचं म्हणणं की हल्ली कोणाला काळ्या म्हटलं, चिंकी म्हटलं की लगेच वंशवाद वंशवाद म्हणून बोंब ठोकतात, चेष्टामस्करी पण करायची नाही का. दुसऱ्या गटाचं म्हणणं की तोंडातून तसा एक शब्द निघाला म्हणजे माणूस वंशवादी, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघंही एकाच गोष्टीवर भांडतायत, कोण काय बोललं यावर. बोलणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग आहे हो. एखाद्याने शेरा मारणं वेगळं, एखाद्या जमातीच्या लोकांबद्दल न भेटताच मत बनवून ठेवणं वेगळं, आणि त्या मताप्रमाणे कोणाला आत घ्यायचं नि कोणाला बाहेर ठेवायचं हे ठरवायची पॉवर हातात असणं हे आणखी वेगळं. वंशवाद म्हणतात तो या तिसऱ्याला, आणि तो बऱ्याचदा अगदी गोड बोलून चालतो.

मी क्रिकेट बघणारा माणूस आहे त्यामुळे तिथलंच सांगतो. आपल्याकडे हा विषय निघाला की पहिलं आठवतं ते २००८ ची सिडनी कसोटी, आपला हरभजन आणि ऑस्ट्रेलियाचा आफ्रो-कॅरिबियन मुळाचा अँड्र्यू सायमंड्स यांची बाचाबाची. हरभजन त्याला माकड म्हणाला की आपली नेहमीची आईवरची शिवी दिली यावर दोन देश भांडले, रेफ्री माईक प्रॉक्टरने ३ कसोटींची बंदी घातली, मग अपिलात न्यूझीलंडचे जज जॉन हॅन्सन आले, नॉन-स्ट्रायकरला उभ्या असलेल्या सचिनची साक्ष झाली आणि वंशवादाचा आरोप सिद्ध झाला नाही, शिवीगाळीबद्दल मॅच फीच्या ५० टक्के दंड झाला. सगळा कीस पाडला तो एका शब्दाचा. पण त्याआधी जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, १७ ऑक्टोबर २००७ ला वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध सातवी वनडे होती, मुरली कार्तिकने ६ विकेट काढलेली, त्या मॅचला आपल्याच पब्लिकने सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज काढले, काखा खाजवून दाखवल्या, त्याचे फोटो छापून आलेत. त्याच्या आधी बडोद्यालाही हेच झालेलं. तेव्हा आपल्याकडे काय म्हणत होते आठवतंय का? पब्लिक आहे, मजा करतं, ऑस्ट्रेलियन काय कमी स्लेजिंग करतात का. आणि २०२१ ला त्याच सिडनीत सिराजला प्रेक्षकांनी शिव्या दिल्या तेव्हा मात्र आपण सगळे एका रात्रीत वंशवादाचे एक्स्पर्ट झालो.

आता वानखेडेवर जे झालं त्याला काय म्हणायचं? माझ्या मते तो शेरा होता, घाणेरडा होता, आणि त्याच्यामागे पूर्वग्रह होता हे उघड आहे, कारण त्यांचा गोरा कॅप्टन पाँटिंग, त्याला कोणी माकड म्हणत नव्हतं. पण त्या स्टँडमधल्या पोरांच्या हातात सायमंड्सचं काही नव्हतं. त्याचं टीममधलं स्थान, पगार, राहण्याचं हॉटेल, काहीच ते काढून घेऊ शकत नव्हते. म्हणून ते माफ आहे असं नाही, त्यांना स्टेडियममधून बाहेर काढायलाच पाहिजे होतं आणि काहींना काढलंही. एवढंच की त्याचा इलाज तिथल्या तिथे होतो, कॉलर धरा आणि गेटबाहेर सोडा. (पुढे २०११ ला हेच हरभजन आणि सायमंड्स मुंबई इंडियन्सकडून एका ड्रेसिंग रूममध्ये बसले, पैशाने कायकाय जमतं बघा.)

खरा वंशवाद बघायचा असेल तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर या काउंटी क्लबकडे बघा. आपल्याला यॉर्कशायर म्हणजे १९९२ चा सचिन, डोक्यावर ती चपटी टोपी आणि हातात बिअरचा ग्लास दिलेला तो फोटो, १९ वर्षांचं पोरगं, क्लबच्या सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहासात त्यांच्याकडून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू. त्या सीझनला त्याने हजारावर रन केले आणि तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आता मला सांगा, ज्या क्लबने पहिला परदेशी म्हणून भारतीय पोरगा खेळवला तो क्लब वंशवादी कसा? असं कोणीही म्हणेल. पण त्याच यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्ड आहे, लीड्स आहे, हडर्सफील्ड आहे, गिरण्यांमध्ये काम करायला पन्नास-साठच्या दशकात पाकिस्तानातून, भारतातून हजारो माणसं तिथे गेली, त्यांची पोरं तिथेच जन्मली आणि सकाळसंध्याकाळ क्रिकेटच खेळत होती. यॉर्कशायरचा जुना दंडक काय, तर आमच्या मातीत जन्मलेलाच आमच्याकडून खेळणार. ही पोरं त्याच मातीत जन्मलेली ना? तरी ब्रिटनमध्ये जन्मलेला पहिला एशियन यॉर्कशायरच्या टीममध्ये आला, अजमल शहजाद, तो २००४ मध्ये. म्हणजे सचिन येऊन गेल्यावर आणखी बारा वर्षांनी! तोवर त्या पोरांनी स्वतःची कायदेआझम नावाची वेगळी लीग काढून तिथे खेळणं चालवलेलं होतं. यात कोणी कोणाला शिवी दिल्याचा पुरावा शोधायला गेलात तर एकही नाही मिळणार. ट्रायलचं पत्र आलं नाही, खेळाडू हेरणारा स्काऊट त्या ग्राउंडवर गेला नाही, मॅचनंतर पबमध्ये बसून ओळखी होतात तिथे न पिणारं पोरगं बसलं नाही, बस्स एवढंच. सचिनला बोलावून आणणं सोपं होतं कारण तो सीझन खेळून घरी जाणार होता.

मग २०२० ला यॉर्कशायरचा पाकिस्तानी मुळाचा खेळाडू अझीम रफीक बोलला. हा पोरगा यॉर्कशायरचा कॅप्टनसुद्धा झालेला, कमी वयात, तरी त्याने सांगितलं की इथल्या वागणुकीमुळे मी जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो. नोव्हेंबर २०२१ ला त्याने ब्रिटिश खासदारांच्या समितीसमोर साक्ष दिली ती मी पूर्ण ऐकली, पाणी आलं डोळ्यात. पंधरा वर्षांचा असताना लोकल क्लबमध्ये त्याला धरून तोंडात रेड वाईन ओतली, मुसलमान पोराच्या. आणि आपला पुजारा तिथे खेळायला गेला तेव्हा त्याला सगळे स्टीव्ह म्हणायचे, चेतेश्वर म्हणायचे कष्ट नकोत म्हणून. पुजाराने स्वतः आधी एकदा हसत हसत सांगितलेलं की मला चेतेश्वर म्हटलेलं जास्त आवडेल, आपण पण हसून सोडून दिलं.

तर आता तिन्ही लेयर बघा. स्टीव्ह म्हणणं, पाकिस्तानी मुळाच्या माणसाला तिकडे जी शिवी देतात ती देणं, हा झाला शेरा. ही माणसं आपल्यातली नाहीत, यांच्याशी असंच बोलायचं असतं, हा झाला पूर्वग्रह. आणि मग क्लबने काय केलं? चौकशी नेमली, तिने ४३ आरोपांपैकी ७ मान्य केले, रफीकचा वांशिक छळ झाला हे कबूल केलं आणि त्याच क्लबने ऑक्टोबर २०२१ ला जाहीर केलं की कोणावरही काहीही कारवाई होणार नाही. ती शिवी म्हणजे मित्रामित्रांतली मस्करी होती असं त्या रिपोर्टात लिहिलंय हे नंतर बाहेर आलं. वंशवाद म्हणजे हा. ज्याने शिवी दिली त्याच्यापेक्षा, ती शिवी लागली की नाही हे लागणाऱ्याला न विचारता ठरवणारं जे टेबल आहे ते. पुढे इंग्लंड बोर्डाने यॉर्कशायरच्या हेडिंग्ले ग्राउंडवरच्या इंटरनॅशनल मॅच थांबवल्या, स्पॉन्सर पळाले, तेव्हा कुठे चेअरमनने राजीनामा दिला. २०२३ ला एका स्वतंत्र कमिशनचा रिपोर्ट आला त्यात इंग्लिश क्रिकेटमधल्या भारतीय मुळाच्या ८२ टक्के आणि पाकिस्तानी-बांगलादेशी मुळाच्या ८७ टक्के लोकांनी भेदभाव सोसल्याचं सांगितलंय. एवढे आकडे काही एकदोन तोंडाळ खेळाडूंमुळे येत नाहीत.

यात एक ट्विस्ट आहे आणि तो लपवून चालणार नाही. साक्षीनंतर दोनच दिवसांत रफीकचे स्वतःचे २०११ चे मेसेज बाहेर आले, ज्यू लोकांबद्दल घाण लिहिलेलं. त्याने माफी मागितली, पुढे त्याला अधिकृत ताकीदही मिळाली. पण आपल्याकडच्या व्हॉट्सअॅपवर लगेच सुरू, बघा तोही तसलाच, मग कसला वंशवाद नि कसलं काय. अहो त्याच्या मनातही पूर्वग्रह होता, हो, होताच. छळ सोसलेला माणूस संत होतो असं कोणी सांगितलं? पण त्या मेसेजमुळे यॉर्कशायरचं सिलेक्शन सुधारलं का, तो चौकशीचा निकाल बरोबर ठरला का? हा गोंधळ होतो कारण आपण तिन्हीला एकच लेबल लावतो आणि मग एकाने दुसऱ्याची वजाबाकी करत बसतो.

दक्षिण आफ्रिकेचं तर सगळ्यांना माहितीये, तिथे वर्णभेद कायद्यातच लिहिलेला, शिवी द्यायची गरजच नव्हती. १९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपच्या फायनलला आपण पोचलो आणि समोर आफ्रिका आली म्हणून खेळलोच नाही, कप सोडून दिला, त्याचा मला आजही अभिमान आहे. आणि पुण्याच्या माणसाला आणखी एक माहीत असायला पाहिजे, पळवणकर बाळू, शंभर वर्षांपूर्वीचा, अस्पृश्य मानलेल्या जातीतला मोठा बोलर. जात आणि वंश एक नाही, मान्य, पण मशीन तेच. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर चार रुपये पगारावर पिच रोल करायचा, नेटमध्ये साहेबांना तासन् तास बोलिंग टाकायचा, बॅट कधी हातात मिळाली नाही. मग पुण्यातल्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचं होतं म्हणून त्याला टीममध्ये घेतलं, मैदानात बॉल त्याच्या हातून घ्यायचे आणि टी टाइमला चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड टूरला ११४ विकेट काढल्या, तरी हिंदू टीमचा कॅप्टन कधी केला नाही तो नाहीच, भाऊ विठ्ठल झाला तो १९२३ ला. त्या चहाच्या वेळी कोणी त्याला वाईटसाईट बोललं असेलच असं नाही, भांडं वेगळं ठेवलं की बोलायची गरज पडत नाही.

हे सगळं मी आत्ताच का लिहितोय तर आमच्या सोसायटीची मिटिंग. आमच्या भागात कॉलेजं भरपूर, बाहेरून शिकायला आलेली पोरं भरपूर, त्यात आफ्रिकेतली पण. एका मेंबरने फ्लॅट तशा दोन पोरांना द्यायचं ठरवलं, दोघं इंजिनिअरिंगची, कागदपत्रं क्लिअर, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरलेला. मिटिंगमध्ये एक काका म्हणाले लाईट गेली तर जिन्यात दिसायचे कसे हो, चारजण हसले. सेक्रेटरीने त्यांना लगेच दटावलं, काका असं बोलू नका, कोणीतरी रेकॉर्ड करून टाकेल आणि सोसायटीचं नाव खराब होईल. काका गप्प बसले, सॉरी पण म्हणाले. मग एक ताई म्हणाल्या की ते लोक रात्रभर पार्ट्या करतात असं ऐकलंय, कुठे ऐकलं विचारल्यावर सगळीकडेच. आणि मग त्याच सेक्रेटरीने, अतिशय सभ्य भाषेत, परदेशी भाडेकरूंना एनओसी देऊ नये असा ठराव वाचला आणि तो मंजूर झाला. इतिवृत्तात 'सुरक्षेच्या कारणास्तव' असं लिहिलंय. बी विंगमध्ये एक जर्मन फॅमिली भाड्याने राहते, त्यांचं अॅग्रीमेंट त्यानंतर रिन्यू झालंय, कोणाला आठवणही झाली नाही त्या ठरावाची.

काकांनी सॉरी म्हटलं, तिथे सगळ्यांना वाटलं झालं, मिटलं. पोरांना मात्र फ्लॅट नाही मिळाला तो नाहीच.

म्हणून तुमच्या पेपरला एक विनंती आहे, असं काही प्रकरण झालं की कोण काय बोललं याची चौकट छापता ती छापाच, पण त्याच्या शेजारी निर्णय कोणी घेतला, सही कोणाची, कारण काय लिहिलं हे पण छापा. आमच्या त्या ठरावाविरुद्ध मी लेखी हरकत दिलीये, अजून एका मेंबरने सही केली, त्या काकांनी! सेक्रेटरी म्हणतात हा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत बसत नाही, आयत्या वेळच्या विषयात बघू. बघतोच आता.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे