थिबा राजा आपला, मग खलाशी कोणाचा?

संपादक साहेब,

रत्नागिरीच्या पर्यटनावर काहीही छापून आलं की तेच ते असतं, थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मघर, भगवतीचा किल्ला, आरे-वारे. मिरकरवाड्याचं, म्हणजे आपल्या मासेमारी बंदराचं, नाव कोण काढत नाही. मी पण इथलाच, पुण्याचे पाहुणे आले की गाडी मांडवीकडे वळवतो, बंदराकडे नाही, कारण तिथला तो वास, चिखल, डिझेलचा तवंग, तुटक्या जाळ्यांचे ढीग, आणि वर कावळे-कुत्री. वैताग येतोच, खोटं कशाला बोलू? मासळीचे टेंपो रस्त्याभर पाणी गळत जातात आणि मागून येणारा टू-व्हीलरवाला घसरतो. टेंपोखाली पाणी साठवायची टाकी लावायला सांगा की कोणीतरी.

पण १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली, बोटी किनाऱ्याला लागल्या, की हेच गाव कसं होतं बघा. वास गेला म्हणून खूश व्हावं तर बर्फवाला बसून, टेंपोवाला बसून, जेटीवरची चहाची टपरी बंद, आणि आमच्या घरी सुकट नाहीतर सुका बांगडा. म्हणजे वास नको पण पापलेट हवं, तेही स्वस्तात, असं आपलं चाललंय (आमच्या हिचं तर दोन्हीवर भांडण असतं, वासावर पण आणि भावावर पण).

मला खरी खटकते ती वेगळी गोष्ट. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, १९१६ साली तो इथेच वारला, त्याचा राजवाडा आपण कौतुकाने दाखवतो. आणि आज नेपाळहून, कर्नाटकातून जी पोरं बोटींवर खलाशी म्हणून येतात, पहाटे जाळी ओढतात, जेटीवर पाट्या उतरवतात, बोटीवरच जेवतात नि बोटीवरच झोपतात, ती आपल्याला दिसत पण नाहीत. उलट बंदर घाण आहे म्हणून त्यांनाच नावं ठेवायची. अहो, संडास नाही, प्यायच्या पाण्याचा नळ धड नाही, मग माणसाने जायचं कुठे? आणि प्लॅस्टिक काय तेवढं बोटींवरूनच पडतं? शहरातल्या गटारांतून पण समुद्रातच जातं ना.

सुशोभीकरण, सेल्फी पॉइंट नंतर करा. आधी जेटीवर चालू असलेले संडास, आंघोळीला आणि प्यायला पाणी, आणि रात्रीचे दिवे, एवढं १ ऑगस्टच्या आत झालं तर बरं, कारण त्यादिवशी बोटी परत निघतात.

आपला,
एक रत्नागिरीकर