डेनट्रीच्या जंगलातून बाळ्याला

प्रिय बाळ्या,

इथे फोनला रेंज नाही, वायफाय फक्त ऑफिसच्या ओट्यावर आणि तेही मनात आलं तर, त्यामुळे हे सगळं लॅपटॉपवर लिहून ठेवतोय, केर्न्सला पोचलो की तुला पाठवतो. लांबलचक होणार आहे, चहा घेऊनच बस, कारण वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचा तू पाठवलेला प्लॅन डोक्यात ठेवूनच लिहितोय.

आम्ही आहोत ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, डेनट्रीच्या जंगलातल्या केप ट्रिब्युलेशनला. ब्रिस्बेनहून विमानाने केर्न्स, तिथून गाडीने उत्तरेला, समुद्राला चिकटून चाललेला रस्ता, मग डेनट्री नदी आडवी येते आणि तिच्यावर पूलच नाही. गाडी फेरीबोटीत चढवायची, बोट जाड केबलला धरून पलीकडे जाते. मला तर थेट दाभोळ-धोपावे आठवलं. पलीकडे उतरलं की रस्ता एकदम अरुंद होतो, झाडं वरून एकमेकांत गुंतलेली, भर दुपारी गाडीचे लाइट लावावेसे वाटतात. आणि नदीच्या या बाजूला सरकारी वीज पोचलेलीच नाही. तार नाही, खांब नाही. जो तो आपापलं सोलर आणि जनरेटर चालवतो. सगळ्यांना हे आवडतं असं नाही हं, इथे कायम राहणाऱ्यांना डिझेलचा खर्च आणि आवाज नको झालाय आणि सोलर मायक्रोग्रिडची, म्हणजे सगळ्यांत मिळून एका छोट्या वीजव्यवस्थेची, चर्चा बरीच वर्षं चालू आहे.

इथल्या छोट्या लॉजमधली आमची खोली म्हणजे लाकडी खांबांवर उचललेलं घर, खाली जमीन आहे तशीच, पाला पडलेला, मुळं पसरलेली. निम्म्या भिंती नुसत्या जाळीच्या. एसी नाही, टीव्ही नाही, पंखा आहे आणि तो पुरतो. हेअर ड्रायर, इलेक्ट्रिक किटली लावायची नाही हे आल्या आल्या सांगतात, बॅटरी बसते म्हणून. पाणी पावसाचं साठवलेलं आणि मागच्या पऱ्ह्याचं. पाऊस इथे वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर, जोर डिसेंबर ते एप्रिल, पण बाकीचे महिनेही अधूनमधून येतच राहतो. आत्ता ऑगस्ट आहे म्हणजे यांचा हिवाळा, तरी काल रात्री पत्र्यावर असा कोसळला की हिला आणि मला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

आता मुख्य गोष्ट सांगतो, खोलीतून समुद्र दिसत नाही. एका पण खोलीतून नाही! समुद्र चालत पाच मिनिटांवर आहे, रात्री लाटांचा आवाज उशाशी येतो, पण मधलं जंगल एका इंचानेही कापलेलं नाही. पायवाटेने जायचं, दोन्ही बाजूंनी पंख्यासारख्या गोल पानांचे माड, लिकुआला म्हणतात त्यांना, आणि मग एकदम उजेड, वाळू, समुद्र. जंगल जिथे संपतं तिथेच भरतीची रेघ. आणि त्या रेघेवर कोण उभं होतं माहितीये? उंडी! आपली उंडी रे, त्याच जाड चकचकीत पानांची, खाली तशाच गोल बिया पडलेल्या. मी तिथेच बसलो. वाळूवर मर्यादवेल, जांभळी फुलं, तीच. थोडं पुढे सुरूचं झाड, आणि आपल्याकडे ते लागवड करून आणलेलं, इथे मात्र ते घरचं झाड. झाडावर पानं शिवून केलेली घरटी दिसली, ओंबिलीच म्हटलं, आणि खरंच त्याच जातीच्या मुंग्या, फक्त यांचं बूड हिरवं. आतल्या जंगलात रानजायफळ आहे, जांभळाच्या कुळातली झाडं तर किती. हजारो मैलांवर येऊन मला घरच्यांची गाठ पडावी तसं झालं.

आम्हाला फिरवायला कुकू यालान्जी समाजातले एक गृहस्थ होते, वयाने आपल्या आबांएवढे असतील. हे जंगल त्यांच्या लोकांचं, फार फार पूर्वीपासून. २०२१ साली क्वीन्सलँड सरकारने डेनट्री नॅशनल पार्कची मालकी कागदोपत्री त्यांना परत दिली, आता दोघं मिळून सांभाळतात. त्या गृहस्थांनी एका झाडाची पानं पाण्यात चोळली तर रिठ्यासारखा फेस आला. एक हृदयाच्या आकाराच्या मोठ्या पानांचं झुडूप लांबूनच दाखवलं, जिम्पी-जिम्पी, पानावर काचेसारखे बारीक केस, चुकून हात लागला तर दुखणं महिनोन्‌महिने परत परत उठतं. आणि ब्लॅक बीन नावाचं एक झाड, बिया विषारी, पण त्या किसून वाहत्या पाण्यात मुरवून त्यांचे लोक खायचे. हे किती पिढ्यांनी तपासून बघितलं असेल, तेव्हा आज ते इतक्या सहज सांगतात.

कॅसोवरी दिसला! माणसाएवढा उंच, काळा पक्षी, निळी मान, डोक्यावर शिंगासारखा तुरा, आणि मागे दोन पिल्लं. तो बाप होता, कारण यांच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं हे नऊएक महिने सगळं बाप करतो. तो जंगलातली फळं अख्खी गिळतो आणि बिया लांब नेऊन टाकतो, दोनशेहून जास्त जातींच्या झाडांच्या बिया. काही बिया एवढ्या मोठ्या की दुसरं कोणी त्या नेऊच शकत नाही. म्हणून रस्त्याला जागोजागी पाट्या, गाडी हळू चालवा, कॅसोवरी आहेत. गाडीखाली एक मेला तरी पुढची किती झाडं उगवायची राहिली ते मोजता येणार नाही. रात्री मात्र झोप वेगळ्याच पक्ष्याने उडवली, केशरी पायांची एक रानकोंबडी असते, ती मध्यरात्री असा गोंधळ घालते की मुलगी उठून आमच्यात येऊन झोपली. हीच कोंबडी पाल्याचा मोठा ढीग रचून त्यात अंडी पुरते, पाला कुजताना जी ऊब येते तिच्यावर पिल्लं निघतात आणि निघाल्यापासून स्वतःची स्वतः.

समुद्रात पोहायचं मात्र नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि उन्हाळ्यात विषारी जेलीफिश, त्यासाठी किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. इतकी सुंदर वाळू आणि पाण्यात उतरायची चोरी, पण दोन दिवसांत सवय होते.

आता हे सगळं टिकलं कसं ते ऐक, कारण मी पत्र लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच. हे आपोआप टिकलेलं नाही. १९८०च्या दशकात या नदीपलीकडच्या जंगलाचे हजारभर प्लॉट पाडून विकले होते. मग १९८३च्या डिसेंबरमध्ये केप ट्रिब्युलेशनपासून पुढे ब्लूमफील्डकडे जंगलातून रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा लोक झाडांवर चढून बसले, काहींनी स्वतःला मानेपर्यंत मातीत पुरून घेतलं. रस्ता झालाच शेवटी, पण ती बातमी देशभर गेली आणि १९८८ साली इथलं बरंचसं जंगल जागतिक वारसा यादीत आलं, लाकूडतोड थांबली. विकलेल्या प्लॉटांपैकी कितीतरी नंतर परत विकत घेऊन जंगलात मिळवले, ते काम अजून चालू आहे. याच जंगलात एक झाड आहे, इडिओस्पर्मम, दहा कोटी वर्षांपेक्षा जुन्या घराण्यातलं, ते संपलं असंच समजत होते, १९७१ साली गुरं मेली आणि त्यांच्या पोटात त्याच्या बिया सापडल्या तेव्हा कळलं की अजून आहे. ज्या ओढ्याकाठी ते होतं तिथे कोणी आधी प्लॉट सपाट केला असता तर?

आणि डोंगर सपाट केला की माती कुठे जाते, समुद्रातच ना. इथे किनाऱ्याला लागूनच प्रवाळ आहे, ग्रेट बॅरियर रीफ. डिसेंबर २०२३ला जॅस्पर वादळात काही ठिकाणी पाच दिवसांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडला, दरडी आल्या, रस्ता तुटला, लोक अडकून पडले. नुसत्या पावसाने हे झालं, जिथे मुळांनी डोंगर धरलेला आहे तिथे.

बाळ्या, तू मला पाठवलेला वाडीचा प्लॅन मी इथे रोज रात्री डोळ्यासमोर आणतोय. जेसीबीने उतार कापून सपाटी, चिऱ्याच्या खोल्या, स्विमिंग पूल, आणि ‘सी व्ह्यू’साठी किनाऱ्यावरच्या उंड्या आणि केवड्याचं बन काढायचं. तू मेहनत करणार, कर्ज काढणार, मला माहितीये तुला घर सावरायचंय आणि मुंबईला परत जायचं नाहीये. म्हणूनच सांगतोय. तो उतार कापलास तर पहिल्याच पावसाळ्यात लाल माती पऱ्ह्याने खाडीत उतरेल आणि काकी ज्या तिसऱ्या, शिंपल्या काढायला जातात तिथे गाळ बसेल. उंड्या गेल्या की वारा आणि वाळू थेट खोलीत. शिवाय आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, मोठे दिवे लावलेस तर पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालतात.

मी इथल्या मालकांशी जेवताना बोललो. ते म्हणाले, माणसं पैसे देतात ते झाडांमधून चालत समुद्रावर जाण्याचे, बेडवरून समुद्र बघायचे नाही. आणि खोल्या थोड्याच ठेवल्यात म्हणून जेवण, कपडे, झाडलोट घरच्या घरी निभतं. तू आठ खोल्यांऐवजी चार कर ना. खांबांवर कर, उतार तसाच ठेव. देवराईला हात लावू नकोस, ती देवाची आहे म्हणून नको आणि तुझी विहीर मे महिन्यापर्यंत टिकते ती तिच्यामुळे म्हणूनही नको. स्विमिंग पूल कशाला, आपण लहानपणी पऱ्ह्यातल्या कोंडीत डुंबायचो तीच दाखव लोकांना.

रागावू नकोस. पैशाचं मी आणि ही बोललोय, दोन खोल्यांचा खर्च आम्ही घालू, परत कधी द्यायचे ते तू ठरव. जेसीबीवाल्याला तेवढं दिवाळीपर्यंत थांबव, मी नोव्हेंबरात येतोय, आपण दोघं वाडीतलं एकेक झाड मोजून नकाशावर मांडू आणि मग खोल्या कुठे बसतात ते बघू. चार खोल्यांना किती सोलर आणि केवढी बॅटरी लागते ते इथून लिहून घेतलंय, तुझ्या सोलरवाल्याचं कोटेशन आलं की मला पाठव, ताडून बघतो.

आबांना आणि काकींना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या