नेम यंत्राचा, गुन्हा कोणाचा?

बेळगाव

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या शस्त्राने निरपराधांना मारले, तर खटला कोणावर भरायचा, हा प्रश्न मराठा लाइट इन्फंट्रीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने विचारला आहे, म्हणून मीही त्याचे उत्तर वकिली सफाई बाजूला ठेवून देतो.

फौजदारी कायद्याला कृत्यामागे मन लागते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीतील कलम ३० हेतू आणि जाणीव मागते. यंत्रापाशी दोन्ही नाहीत. सेनापतीला धरावे, तर कलम २८ नुसार हाताखालच्या सैन्याचे गुन्हे त्याला ठाऊक असायला हवे होते आणि तरी त्याने ते रोखले नाहीत, एवढे पुरते. जपानी सेनापती यामाशिताला १९४६ मध्ये याच धर्तीच्या तत्त्वावर फाशी झाली. पण त्यासाठी आधी हाताखालच्या कोणाकडून तरी गुन्हा घडावा लागतो. यंत्र शिपाई नसल्याने जो गुन्हा कायद्याच्या लेखी घडलाच नाही, तो न रोखल्याचा आरोप ठेवायचा कसा?

मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्ररोधी यंत्रणेने ब्रिटिशांचे टोर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले आणि आतले दोघेही मारले गेले. तिथे तर माणूस हजर होता; पण यंत्राने दाखवलेले खोटे ठरवायला त्याच्यापाशी वेळच नव्हता. अशा माणसाला आरोपी करणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून मी मागे, शस्त्र सोडण्याच्या निर्णयाकडे जातो. तुमच्या खानापूर भागात रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली आणि त्यात माणूस मेला, तर पोलीस तारेचा हेतू शोधत नाहीत, वीज सोडणाऱ्याला धरतात. यंत्र कुठे फसते हे माहीत असूनही ते वस्तीवर सोडणारा अधिकारी मला तसाच दोषी वाटतो. अडचण एवढीच, की असा बेफिकीरपणा कलम ३० मध्ये सहसा बसत नाही, आणि ही उणीव करारानेच भरावी लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांवरच्या ठरावाला १५२ देशांनी पाठिंबा दिला, तेव्हा आपण, म्हणजे भारताने, विरोधात मत दिले. रोम संविधीतही आपण नाही. मला हे पटत नाही. तुझे मत वेगळे असणार, हे गृहीत धरतो.

खटला उभा राहायचा तर शस्त्र कोणी, कुठे आणि किती वेळासाठी सोडले याची लेखी नोंद हवी. तुमच्या पलटणीत मॉर्टरच्या माऱ्याचा हुकूम कोण देई आणि तो कुठे नोंदवला जाई, ते सविस्तर कळव.

तुझा,
विनायक