युवक संघाची जबाबदारी घेतलेल्या मुलीला

प्रिय प्रेरणा,
अनेक आशीर्वाद.

संघातल्या एका मुलाने ‘मी गे आहे’ असं तुला सांगितलं. आता फादरना सांगू की त्याच्या आईला, असं तू विचारलंस. कुणालाच नको. त्याने ते तुला सांगितलंय, धर्मग्रामाला (आपल्या चर्चच्या सगळ्या मंडळींना) नाही. अठराच्या आतल्या मुलाने आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, तर गोष्ट वेगळी. पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं, तिथे गुप्ततेचं वचन देऊ नये. पण नुसतं गे असणं हे काही कळवण्याचं प्रकरण नव्हे. ‘काही केलंस का?’ हाही तुझा प्रश्न नाही, ते कन्फेशनमध्ये तो आणि फादर बघतील. तू एवढंच विचार: आणखी कुणाला ठाऊक आहे, आणि घरी मारहाणीची, हाकलून देण्याची भीती आहे का?

आता शिकवणीबद्दल. कॅटेकिझमचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणग्रंथाचे, २३५७, २३५८ आणि २३५९ हे परिच्छेद सलग वाच. भांडणारे एकेकच वाचतात. २३५७ समलिंगी शरीरसंबंधांना मान्यता देत नाही, भाषाही कडक आहे. पण त्याच परिच्छेदात लिहिलंय की या प्रवृत्तीचं मानसिक मूळ बऱ्याच अंशी उलगडलेलं नाही. म्हणजे ‘आईने लाडावलं’, ‘होस्टेलमध्ये बिघडला’ या आपल्या गावगप्पांना चर्चचा आधार नाही. २३५८ आदराने, कळवळ्याने आणि हळुवारपणे स्वीकारायला सांगतो, अन्याय्य भेदभावाची खूणसुद्धा नको म्हणतो. २३५९ शुचितेची, म्हणजे शरीरसंबंधांपासून दूर राहण्याची, हाक देतो. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना चर्चने कधी गुन्हेगार मानलं नाही असं जाहीरपणे सांगितलं होतं. लग्नाविषयीची शिकवण त्यांनी तसूभरही सोडली नव्हती.

सगळ्यात जास्त माणसं दुखावतात ती गोड बोलून नंतर दार लावल्यामुळे. गायनमंडळात घ्यायचं, नाताळच्या गोठ्यासाठी राबवून घ्यायचं आणि चार वर्षांनी त्याने विचारलं की नियम काढायचे. त्यापेक्षा तो विचारेल त्या दिवशीच सरळ सांग. दोन पुरुषांचा विवाहसंस्कार चर्चमध्ये होत नाही. खोलवर रुजलेली समलिंगी प्रवृत्ती असलेल्यांना फादर घडवणाऱ्या सेमिनरीत घेऊ नये, असं रोमचं २००५ चं पत्रक म्हणतं. १८ डिसेंबर २०२३ च्या रोमच्या घोषणापत्राने समलिंगी जोडप्याला आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, पण विधी नाही, लग्नाचा पोशाख नाही. पुढच्याच महिन्यात खुलासा आला की असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा. आणि उघडं काय आहे, तेही तितक्याच स्पष्टपणे सांग. वाचन, गायन, धर्मशिक्षणाचा वर्ग यांत नुसत्या प्रवृत्तीवरून कुणाला अडवणारा नियम नाही. लग्नात साक्षीदार व्हायला चर्चच्या कॅनन कायद्याची आडकाठी नाही, हे रोमने २०२३ मध्येच कळवलंय. बाप्तिस्म्यात धर्मपिता होण्यासाठी विश्वासाला साजेसं जगणं हवं, पण ती अट सगळ्यांनाच आहे.

सगळ्यांनाच, हा शब्द धरून ठेव. कॅटेकिझमचाच २३७० वा परिच्छेद कृत्रिम संततिनियमनही नाकारतो. आपल्या धर्मग्रामात किती घरांत दोनच मुलं आहेत ते मोज, आणि त्यांपैकी कुणाला दारात उभं करून जाब विचारला ते सांग. एकालाच वेगळी फूटपट्टी लावली की उरलेली शिकवण त्याला ऐकूच येत नाही. विश्वासूंच्या प्रार्थनेत ‘व्यसनी, आजारी आणि समलिंगी’ अशी माळ कुणी ओवली, तर ती आधीच खोडून टाक.

कुणी ‘बरं करून देणाऱ्या’ प्रार्थनाशिबिराचं नाव काढेल. नको. हेच काम ३७ वर्षं करणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही अमेरिकेतली ख्रिस्ती संस्था २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. आपल्याकडे २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांनी असे उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

खरी अडचण पुढेच आहे. आपण त्याला आयुष्यभर एकट्याने राहायला सांगतो आणि रविवारी मिस्सा संपला की आपापल्या घरी कोंबडीच्या रश्श्याला पळतो. धर्मग्रामातले कार्यक्रम जोडप्यांचे, नाहीतर लग्नाळू पोरांचे. चाळिशीच्या एकट्या माणसाला कुठे बसवायचं ते कुणाला ठाऊक नसतं. ताप आला तर कोण येणार, ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, घराची दुसरी किल्ली कुणाकडे? याची तयारी नसेल, तर २३५९ वाचून दाखवण्याची घाई आपण करू नये, असं माझं मत आहे. चार घरं धर, महिन्याचा एकेक रविवार एकेका घराकडे. त्यात विधवा असू दे, परगावचा नोकरदार असू दे, म्हणजे तो ‘उपकाराचा पाहुणा’ ठरणार नाही. जेवणावर ‘लग्न कधी?’ हा विषय बंद, हे त्या घरच्या आजीला आधीच बजाव. कारण सांगायची गरज नाही.

हे सगळं करूनही तो म्हणेल की ही शिकवणच मला टोचते, आणि निघून जाईल. तसं झालं तर फोन चालू ठेव, वाद घालू नकोस.

पहिला रविवार आपल्या घरी लिही. तो मासे खातो का, तेवढं कळव.

तुझी,
आई