पुठ्ठा गिरणीत नव्हे, आपल्या दारात वाया जातो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यातील आमच्या शाळेच्या नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे शिक्षक नुकतेच जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीतल्या कागद गिरणीत गेलो होतो. जुन्या खोक्यांचा लगदा करून नव्या खोक्यांसाठी लागणारा तपकिरी क्राफ्ट कागद तेथे तयार होतो. द्राक्षांच्या हंगामात आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरचा ओटा आणि पडवी खोक्यांनी भरलेली असते. तरीही त्या खोक्याचा कागद येतो कुठून आणि खोके रिकामे झाल्यावर जाते कुठे, हे त्यांच्यापैकी कोणालाच नेमके ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

आत शिरताच पहिला धडा यंत्राजवळ नव्हे, फाटकाजवळच मिळाला. ट्रकमधून उतरलेल्या पुठ्ठ्याच्या गाठींत तेथील कामगार ओलावा मोजण्याचे सळईसारखे उपकरण खुपसून पाहत होता, आणि ओलावा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला की त्या प्रमाणात वजन कापले जात होते. आमच्या एका विद्यार्थिनीने लगेच विचारले, ‘‘साहेब, पुढे तुम्ही यात पाणीच घालणार आहात ना? मग ओला असला तर बिघडलं कुठं?’’ प्रश्न बिनतोड होता. व्यवस्थापकांनी समजावून सांगितले की गिरणी पैसे मोजते ते तंतूंचे, पाण्याचे नव्हे. शिवाय ओली गाठ आवारात पडून राहिली की तिला बुरशी धरते, तंतू कुजून कमजोर होतात आणि त्यांचा कागद ताण सहन करत नाही. वजन वाढावे म्हणून पुठ्ठ्यावर मुद्दाम पाणी मारणारेही असतात, हे सांगताना ते हसले. मुले मात्र हसली नाहीत, कारण दुधात पाणी घालण्याचा प्रकार त्यांना चांगला परिचयाचा आहे.

त्यानंतर हायड्रापल्पर पाहिला. प्रचंड मिक्सरसारख्या या हौदात पुठ्ठा पाण्यात घुसळला जातो आणि त्याचे तंतू सुटे होतात. हौदात सोडलेल्या एका दोराभोवती तार, सुतळी आणि प्लॅस्टिक गुंडाळले जाते आणि तो मांडीएवढा जाड झालेला दोर यंत्राने सावकाश वर ओढला जातो. आमची मुले सर्वांत जास्त वेळ रेंगाळली ती याच दोरापाशी. त्यात दुधाच्या पिशव्या होत्या, गुटख्याच्या पुड्या होत्या, चिकटपट्टीचे लांबच लांब तुकडे होते आणि एका चपलेचा पट्टाही होता. यांतली एकही वस्तू गिरणीत जन्माला आलेली नव्हती. ती कुणाच्या तरी घरातून, दुकानातून पुठ्ठ्याबरोबर आलेली होती.

जे दोराला लागत नाही, ते पुढे अधिक छळते. चाळण्यांतून गाळलेला लगदा यंत्राच्या जाळीवर पसरतो, तेव्हा त्याच्या शंभर भागांत जेमतेम एक भाग तंतू असतो आणि उरलेले सगळे पाणी. ते जाळीतून निथळते, मग रुळांमध्ये दाबून काढले जाते आणि राहिलेले वाफेने तापवलेल्या लोखंडी सिलिंडरांवर उडून जाते. चिकटपट्टीचा डिंक मात्र याच उष्णतेने मऊ होतो, सिलिंडरला चिकटतो आणि धावता कागद फाडतो. आम्ही उभे असतानाच कागद तुटला, भोंगा वाजला आणि कामगार धावले. कारण डिंकच होते की दुसरे काही, हे आम्हांला कळले नाही. पण यंत्र पुन्हा सुरळीत होईपर्यंतची धावपळ मुलांनी डोळ्यांनी पाहिली. तेलकट खोक्यांचेही असेच असते, कारण तेल पाण्याने निघत नाही आणि कागदावर डाग राहतात.

गिरणीच्या आवारात अमेरिकेतून आलेल्या जुन्या खोक्यांच्या गाठीही होत्या. तिकडच्या सूचिपर्णी झाडांचे तंतू लांब असल्याने कागदाला बळकटी येते, तर आपल्याकडचा पुठ्ठा आधीच एकदोनदा पुनर्वापर झालेला, म्हणून आखूड तंतूंचा असतो. तेव्हा आपला सगळा पुठ्ठा स्वच्छ आला तरी आयात पूर्णपणे थांबेल, असा माझा दावा नाही. परंतु समुद्र ओलांडून आलेली गाठ कोरडी असावी आणि वीस किलोमीटरवरून आलेली ओलीचिंब, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे.

म्हणूनच माझे म्हणणे गिरणीविषयी नाही, तिच्या आधीच्या वाटेविषयी आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याचे बंधन 2016 च्या घनकचरा नियमांपासून आहे. आमच्या गावात येणाऱ्या घंटागाडीला दोन कप्पे आहेतही. पण पुठ्ठा बहुधा भाजीच्या देठांवर पडतो आणि पावसाळ्यात उघड्या गाडीत भिजतो. त्यातून जे वाचते ते रद्दीवाले आणि कचरावेचक यांच्यामुळे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत कचरावेचक स्त्रिया दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. वेगळा केलेला माल विकून त्या घर चालवतात, त्यामुळे पुठ्ठा कोरडा राहणे हा त्यांच्या रोजच्या मिळकतीचाच प्रश्न असतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत असे काही होऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

आमच्या नगरपंचायतीला आणि बाजार समितीला माझी विनंती एवढीच आहे की, आठवड्यातला एक दिवस केवळ कागद-पुठ्ठ्यासाठी राखावा, तो गोळा करण्याचे काम गावातल्याच रद्दीवाल्यांकडे सोपवावे आणि बाजार आवारात त्यासाठी पत्र्याचे एक छप्पर जून महिना उजाडण्यापूर्वी उभारावे. दुकानदारांनी खोकी सपाट करून, पट्टी सोलून दिली तर छप्परही फार मोठे लागणार नाही. सहलीहून परतल्यावर विद्यार्थ्यांनी शाळेच्या भांडारातली रिकामी खोकी याच पद्धतीने बांधून ठेवली आहेत. ती नेण्यासाठी कुणाला बोलवायचे, हे मात्र त्यांना अजून सांगता आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका,
ता. निफाड, जि. नाशिक