काकू, तुमचा कंट्रोलर आमच्याकडेच आहे

ओव्हरलँड पार्क, कॅन्सस
मार्च २०२५

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "आभार कसले मानतोस, हे लिंबाचं लोणचं घेऊन जा" म्हणून विषय संपवता. आता तुम्ही थंडीपुरत्या कराडला आहात, बरणी हातात देऊ शकत नाही, तेवढ्यात उरकून घेतो. चारचौघांत लिहितोय, कारण गेल्या दोन महिन्यांत इथल्या तीन मराठी घरांतून मला एकच प्रश्न आला: "मुलांसाठी एमएलबी द शो हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम घ्यावा का?" तिघांनाही मी "हो, पण..." म्हणालो आणि पुढे काय सांगावं ते सुचेना. तो "पण" म्हणजे तुम्ही.

आम्ही २०२३ च्या जूनमध्ये इथे आलो तेव्हा लेक आठ वर्षांची होती. गल्लीतली पोरं जे बोलत त्यातलं तिला अर्धं कळत नव्हतं, मला पाव. बेसबॉल म्हणजे गोल बॅटचं क्रिकेट एवढीच माझी समज. त्यातून त्या वर्षी इथला आपला संघ, कॅन्सस सिटी रॉयल्स, ५६ सामने जिंकला आणि १०६ हरला, म्हणजे बघून शिकावं तर काय शिकावं! तुम्ही मात्र रोज संध्याकाळी इमानदारीत टीव्ही लावायच्या, संघ हरला की चहा टाकायच्या आणि मग प्लेस्टेशनवर "एमएलबी द शो २३" लावून त्याच रॉयल्सना जिंकवायच्या. पासष्टीची बाई, मांडीवर शाल, हातात कंट्रोलर. लेक खिडकीतून बघून पळत घरी आली होती, "बाबा, शेजारच्या आजी गेम खेळतायत!"

पहिल्या दिवशी तुम्ही तिला गेममधलं काहीच दाखवलं नाहीत. नुसता कंट्रोलर दिलात आणि उजव्या हाताची चार बटणं दाखवलीत. उजवीकडचं गोल म्हणजे पहिला बेस, वरचा त्रिकोण दुसरा, डावीकडचा चौकोन तिसरा, खालची फुली म्हणजे घर. "मैदान तुझ्या अंगठ्याखाली आहे. चेंडू कुठे फेकायचा तिकडचं बटण दाब." मी तोवर आठवडाभर मोबाइलवर नियम वाचत होतो, आणि तिला पाच मिनिटांत डायमंड, म्हणजे चार बेसचा तो चौकोन, पाठ झाला. या गेमचं पहिलं मोठेपण इथेच आहे: ज्याने बटणं नेमली त्याला मैदान कळत होतं.

पण का फेकायचा, हे गेम सांगत नाही. त्याचे सरावाचे धडे बोटांना शिकवतात. कधी पळायचं, कधी थांबायचं, हे तुम्हाला घरूनच येतं असं धरून चालतात. अमेरिकेत वाढलेल्या पोराला येतही असेल. मी पहिल्या बेसवर माणूस असताना चेंडू हवेत उंच गेला की क्रिकेटच्या सवयीने सगळ्यांना पळवायचो. तिकडे झेल पकडला जायचा, चेंडू पहिल्या बेसवर परत यायचा आणि एका फटक्यात दोन आउट. पडद्यावर "डबल प्ले" एवढंच यायचं. मी चिडून म्हणालो, "हे काय, नॉन-स्ट्रायकर कसा आउट?" तुम्ही शाल नीट केलीत आणि विचारलंत, "लहानपणी शिवाशिवी खेळलास ना? बेस म्हणजे भोज्या. झेल झाला की आधी भोज्याला शिवायचं, मग पळायचं. आणि मागून दुसरा येत असला की तुझा भोज्या गेला, तुला पुढे पळावंच लागणार." आधी बेसला शिवायचं तो टॅग-अप, पुढे पळावंच लागतं तेव्हाचा फोर्स-आउट, दोन्ही तीन वाक्यांत. बायकोने स्वयंपाकघरातून ऐकलं, तिलाही कळलं.

फटकेबाजी मात्र गेमने शिकवली, आणि ती फार सुंदर शिकवली हे मान्य करायला हवं. डाव्या काडीने बॅटचा निशाणा हलवायचा, चेंडू जिथे येणार तिथे तो नेऊन ठेवायचा, आणि क्षणाचा हिशेब करून बटण दाबायचं. पिचरच्या, म्हणजे इथल्या गोलंदाजाच्या, हातातून सुटलेला वेगवान चेंडू प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजापर्यंत, यायला खऱ्या मैदानात जेमतेम ०.४ सेकंद लागतात. त्यात ठरवायचं, मारू की सोडू. सांगलीच्या टेनिस बॉल सामन्यांत चेंडू सोडणाऱ्याला पुढच्या रविवारी कोणी बोलवत नाही, त्यामुळे सोडणं माझ्या रक्तातच नाही. तीन बॉल, दोन स्ट्राइक असा मामला असायचा (बाहेरचा चेंडू सोडला की बॉल, चार झाले की फुकट पहिला बेस; हुकला की स्ट्राइक, तीन झाले की आउट), उजव्या हाताचा पिचर स्लायडर टाकायचा, चेंडू मधोमध येतोय असं वाटायचं आणि शेवटच्या क्षणी बाहेर निसटायचा. मी बॅट फिरवून मोकळा. सलग सात वेळा. आठव्यांदा तुम्ही नुसतं पुटपुटलात, "सोड रे. तो तुला बोलावतोय." मी अंगठा उचलला. चेंडू बाहेर गेला, माझा माणूस आरामात चालत पहिल्या बेसवर गेला. आयुष्यात पहिल्यांदा काहीच न करता मला टाळी मिळाली, तीही तुमची. शिवाय माझा लाडका लेट कट इथे थेट फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जातो, हे पचवायला एक महिना गेला, ते वेगळंच.

हुकला की का हुकला ते गेम प्रत्येक चेंडूनंतर सांगतो: लवकर, उशिरा, निशाणा वर, निशाणा खाली. कबूल करायचं तर हा प्रामाणिकपणा मला खूप आवडतो. अवघडपणाही तुमच्या हाताप्रमाणे आपोआप वाढवता-कमी करता येतो. लेक अगदी सोप्या पातळीवर, तुम्ही "हॉल ऑफ फेम"वर, आणि मी मधे कुठेतरी, अशी आमची उतरंड होती. पिचिंगचा तो "पिनपॉइंट" प्रकार तर तुम्ही लेकीला पाटीवर अक्षर गिरवावं तसा शिकवलात. उजव्या काडीने प्रत्येक चेंडूचं वळण गिरवायचं. हात घाईत आला की चेंडू भरकटतो. ती अजूनही वळणाऱ्या कर्व्ह चेंडूला "आजीचा ळ" म्हणते.

अंपायरचं गुपितही आता फोडतो. सेटिंगमध्ये बॉल-स्ट्राइकचा निवाडा बिनचूक ठेवता येतो, किंवा माणसासारखा चुकणारा. तुमच्याकडे चुकणाराच असतो. मी विचारलं तेव्हा १९८५ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम लढतीचा, सहावा सामना ऐकायला मिळाला. लग्न होऊन इथे येऊन दोनच वर्षं झालेली, काका आणि तुम्ही जुन्या टीव्हीसमोर, नववी म्हणजे शेवटची इनिंग, सेंट लुइसचे कार्डिनल्स एका धावेने पुढे. पहिल्या बेसवर होर्हे ओर्टा उघड उघड आउट, आणि अंपायर डॉन डेन्किंगर म्हणतो सेफ! तिथून रॉयल्सनी तो सामना २-१ ने काढला, दुसऱ्या दिवशी ११-० ने किताबही. "अंपायर चुकलाच पाहिजे," तुम्ही म्हणालात. "तो चुकला म्हणून तर आपण जिंकलो." सेंट लुइसमधल्या मराठी मंडळींनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.

पण माझ्या मते या गेममधली सगळ्यात मोलाची गोष्ट मुख्य स्पर्धेत नाहीच, "स्टोरीलाइन्स"मध्ये आहे. काळ्या खेळाडूंना मेजर लीगची, म्हणजे सगळ्यात वरच्या स्पर्धेची, दारं बंद होती तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या नीग्रो लीग्जच्या या कहाण्या. सांगणारे बॉब केंड्रिक, आपल्याच कॅन्सस सिटीतल्या नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमचे अध्यक्ष. आधी ते गोष्ट सांगतात, मग तोच प्रसंग तुम्ही खेळायचा. तिथला नामांकित पिचर सॅचेल पेज पहिल्या तीन इनिंग टाकून गर्दी खूश करायचा आणि उरलेला सामना हिल्टन स्मिथ निमूट ओढायचा, हे ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, "प्रत्येक घरात एक हिल्टन स्मिथ असतो." लेकीने लगेच आईकडे बघितलं. मीही. बायकोने आमच्या दोघांकडे.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही आम्हाला अठराव्या रस्त्यावर, व्हाइनच्या कोपऱ्यावरच्या त्या म्युझियममध्ये नेलंत. आत शिरताच जाळीपलीकडे एक छोटं मैदान दिसतं, त्यावर ब्राँझचे पुतळे आपापल्या जागी उभे. पेज टेकाडावर, कॅचर जॉश गिब्सन प्लेटमागे. पण जाळीतून आत जाता येत नाही. १९२० मध्ये रूब फॉस्टरने जवळच्याच पसेओ वायएमसीएमध्ये लीगची मुहूर्तमेढ रोवली तिथपासून सगळा इतिहास चालत जावं लागतं, आणि अगदी शेवटी मैदानात पाऊल टाकायला मिळतं. लेक पेजच्या शेजारी जाऊन त्याच्यासारखा पाय उचलून उभी राहिली. तुमचे गुडघे दुखत होते तरी तुम्ही फोटो काढायला खाली बसलात. तो फोटो आमच्या फ्रिजवर आहे. पुढच्या मे महिन्यात मेजर लीगने नीग्रो लीग्जचे आकडे आपल्या नोंदींत घेतले आणि गिब्सन कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या ०.३७२ सरासरीने मेजर लीगच्या टाय कॉबच्या वर जाऊन बसला, तेव्हा लेक शाळेतून "आपला कॅचर पहिला आला" असं ओरडतच घरी आली.

आता ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी कडू भागही लिहितो.

"डायमंड डायनॅस्टी" नावाचा प्रकार आहे, खेळाडूंचे पत्ते जमवून संघ बांधायचा. त्यासाठी "स्टब्ज" नावाचं गेमचं चलन लागतं. ते खेळून मिळतं, आणि खऱ्या पैशांनीही विकत मिळतं. पाकीट फोडलं की आत काय निघेल ते नशीब. आमच्या घरी लेकीने नाही, मी माती खाल्ली. रात्री एक वाजता, सगळे झोपले असताना, २० डॉलर. निघालं काय तर संघात आधीच असलेला एक शॉर्टस्टॉप, दुसऱ्यांदा. सकाळी तुमच्यापुढे कबुली दिली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, फक्त विचारलंत, "आणि पुढच्या वर्षी?" तेव्हा कळलं की नवी आवृत्ती आली की जुने पत्ते तिकडे जात नाहीत, जत्रेतली खेळणी जत्रेतच. तेव्हापासून खेळून मिळेल तेवढंच पाकीट फोडायचं हा तुमचा नियम, आणि कार्डाचा नंबर कन्सोलवरून काढून टाकलेला. हा प्रकार गेममध्ये सगळ्यात झगमगीत आहे, म्हणून नव्या माणसाचा पाय आधी तिथेच पडतो. पालकांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

दरवर्षी नवी आवृत्ती निघते, प्लेस्टेशन ५ साठी किंमत ७० डॉलरच्या घरात, आणि दोन आवृत्त्यांत फरक बेताचा. एक वर्ष सोडून घ्या. समालोचक पहिल्या महिन्यात मजा आणतात, नंतर त्यांची वाक्यं आपणच आधी म्हणू लागतो. तुम्ही त्यांना गप्प करून नुसता मैदानाचा गोंगाट ठेवता ते बरोबर. क्षेत्ररक्षक कधी कधी ठरलेल्या हालचालीत अडकल्यासारखा एक पाऊल जास्त टाकतो आणि धावणारा सुटतो. संगणकावर हा गेम निघत नाही. २०२१ पासून एक्सबॉक्सवर आणि २०२२ पासून स्विचवर मात्र मिळतो. रॉयल्सच्या कॉफमन स्टेडियमची कारंजी किती हुबेहूब काढलीयत, त्यावर एक ओळ लिहायचा मोह होतोय. लिहिली.

आणि टोनी स्टोन. "शो २४"मध्ये तिची गोष्ट आली, १९५४ मध्ये नीग्रो लीग्जमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून पुरुषांबरोबर खेळलेली बाई. त्याच आवृत्तीत एकाच खेळाडूची कारकीर्द खेळायच्या "रोड टू द शो"मध्ये पहिल्यांदा मुलगी खेळाडू घडवता आली. लेकीने घडवली: सावळी, दोन वेण्या, दुसरा बेस. तुम्ही तिच्यासाठी गॅरेजमधून जुना ग्लोव्ह काढलात, काकांचा. तेल लावून मऊ केलात, बोटांच्या जागी घातलेला तुमचा टाका अजून दिसतो. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात ती आता दुसऱ्या बेसवरच उभी असते. परवा चेंडू उंच उडाला तेव्हा तिची मैत्रीण बेस सोडून पळाली, आणि आमची मैदानाच्या मधोमध मराठीत किंचाळली, "भोज्या! भोज्या!" प्रशिक्षकांनी मला विचारलं, हा कुठला इशारा. मी म्हटलं, घरचा आहे.

काकू, रॉयल्सचा पहिला सामना २७ तारखेला आहे, पाडवा ३० ला. तुमचं विमान २५ ला उतरतंय, घ्यायला मी येतोय. जाताना तुम्ही अर्धवट टाकलेला डाव आम्ही हलवलेला नाही. सातवी इनिंग, तिन्ही बेसवर माणसं, दोन आउट, तीन बॉल दोन स्ट्राइक. कंट्रोलर चार्ज करून ठेवलाय. बॅटिंग तुमची आहे. स्लायडर येणार, एवढंच सांगतो.

तुमचा,
शेजारी

ता. क. लोणच्याची बरणी रिकामी झाली आहे.