आधी खोली बघ

चि. स्वाती हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी निघताना तू म्हणालीस, "आई, तुला काय वाटतं ते एकदा नीट सांग, शुक्रवारी मला पुण्यातल्या कंपनीला रात्रपाळीच्या नोकरीचं उत्तर द्यायचंय." तेव्हा थोरल्या काकी बसल्या होत्या, गॅसवर आमटी होती, आणि आण्णा मध्येच म्हणाले, "तिला जायचंय तर जाऊ दे." विषय तिथंच मिटला. फोनवर बोलायला घेतलं की तू नुसतं "हो गं, हो गं" करतेस. म्हणून कागदावर लिहिते. सुजित फोटो काढून पाठवेल. सावकाश वाच, ऑफिसात वाचू नकोस.

आधी आनंदाचं लिहिते. तुझी निवड झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी आण्णा पेढे घेऊन आले, देवापुढं ठेवले आणि पाय धुवायच्या आधी साखर कारखान्यातल्या जुन्या मित्रांकडं वाटायला गेले. तिथं काय सांगितलं ते मला नंतर कळलं. म्हणाले, आमची स्वाती अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करून दवाखान्यांचे अडलेले पैसे सोडवून देणार. तू मला ते काम समजावलंस तेव्हा मला तुझ्या दहावीचं वर्ष आठवलं. आण्णांच्या ऑपरेशनचं बिल हातात धरून तू काउंटरवरच्या माणसाला एकेक ओळ वाचून दाखवत होतीस. हे इंजेक्शन दिलंच नाही, हे दोनदा लावलंय. मी तुझी ओढणी ओढत होते, लोक बघतायत म्हणून, आणि तू तसूभर हलली नाहीस. हे काम तुला जमणार, तू त्यात वर जाणार, याबद्दल मला काही विचारूच नकोस.

माझी काळजी झोपेची आहे. दिवसा तू झोपणार कुठं आणि ती झोप राखणार कोण?

तू म्हणशील, झोपेचं काय एवढं, कानात बोळे घालीन, पडदे लावीन. बाळ, मी रात्रपाळी केलेली नाही. पण रात्रपाळी केलेल्या माणसाचे दिवस मी काढलेत. कारखाना सुरू झाला, दिवाळीच्या आगंमागं उसाची मोळी पडली, की पुढं मार्च-एप्रिलपर्यंत गव्हाण थांबत नाही. तीन पाळ्या, आठवड्याला पाळी बदलायची. बारा ते आठचा आठवडा आला की माझी तयारी आदल्या दिवसापासून. माजघराच्या खिडकीला वाकळ लावायची. दाराची कडी वाजू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळायची. ती चिंधी तुझ्याच जुन्या फ्रॉकची होती, पिवळी, बदकांची. मिक्सर, कुकर, धुण्याचा धपाटा, सगळं आण्णा यायच्या आत उरकायचं. मी फाटकाशी तांदूळ निवडत बसायची ती उगीच नव्हे. भाजीवाली आली, भंगारवाला आला, मीटर बघायला माणूस आला, की ओरडायच्या आधी हातानं थांबवायचं. सगळी गल्ली ओळखायची. पलीकडच्या आजी तर नातवाला मारायच्या नाहीत त्या आठवड्यात, तो भोकाड पसरेल म्हणून.

आणि तू. शाळेतून आलीस की दप्तर ओट्यावर ठेवून चपला हातात घेऊन आत यायचीस. कुणी शिकवलं नव्हतं. आण्णांच्या नाकाशी बोट धरून बघायचीस, श्वास चाललाय का. मग माझ्या कानात सांगायचीस, "झोपलेत."

रात्रपाळीचा माणूस रात्री जागतो ते सगळ्यांना दिसतं. त्याला दिवसा झोप मिळावी म्हणून घरात आणखी एक माणूस दिवसभर पहाऱ्यावर असतं, ते कुणी धरत नाही. पगारात रात्रपाळीचा भत्ता देतात तो जागण्याचा. झोप राखणारं माणूस ज्याचं त्यानं घरून आणायचं असतं. तुला हिंजवडीत ते कुठून मिळणार, एवढंच माझं म्हणणं आहे. तू सांगतेस त्या वाकडच्या पीजीत एका खोलीत तिघी, आणि बाकीच्या दोघी दिवसाच्या नोकरीवाल्या. तू पहाटे चारला येणार, सातला त्यांचे गजर वाजणार, अंघोळीच्या बादल्या, हेअर ड्रायर, फोन. त्यांचं काही चुकत नाही, त्यांचा दिवस तेव्हा सुरू होतो. त्या गेल्या की साफसफाईची बाई. त्या भागात तर जिकडं बघावं तिकडं बांधकाम. लोखंड कापण्याचा आवाज पडद्यानं अडत नाही.

२०१७ साली ते वैद्यकाचं नोबेल मिळालं होतं, तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना, शरीराच्या आतल्या घड्याळाबद्दल. पेपरातलं ते तूच मला वाचून दाखवलं होतंस. त्या घड्याळाला रात्र कुठली आणि दिवस कुठला ते उजेडावरून कळतं, आणि झोप, भूक, अंगाचं तापमान, सगळं त्याच्या तालावर चालतं, असं म्हणाली होतीस. तेव्हा आण्णा म्हणाले होते, हे मला कुणी आधी विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. मायक्रोबायॉलॉजी तू शिकलीस, मी तुला काय सांगणार. पण माईचं सगळं झालं त्या वर्षी तूच नेटवर शोधून काढलं होतंस की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगाच्या संस्थेनं २००७ सालीच रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" या यादीत टाकलंय, आणि २०१९ साली पुन्हा तपासून तिथंच ठेवलंय. माईची सगळी नोकरी वॉर्डात रात्रीची गेली. त्यानंच झालं असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. माईचं नाव या पत्रात घ्यायचं नाही असं ठरवून बसले होते.

असो. गाडीचं विचारलंस का? वकील मामांना मी फोन केला होता, तुला न सांगता. ते म्हणाले, आपल्या राज्याचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, त्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षा आणि घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची. घराच्या दारापर्यंत असं लिहिलंय. गल्लीच्या तोंडाशी किंवा मेन रोडला नव्हे, दाराशी. तेव्हा ती संमतीची सही करण्याआधी गाडी कुठवर येते ते लेखी घे. शेवटी उतरणारी बाई एकटी असेल तर गाडीत गार्ड असतो का, तेही विचार. आणि मामांनी वाचून दाखवलं त्यात कामावरून घरी सोडण्याचं आहे. न्यायचं काय? २००७ साली पुण्यात कॉल सेंटरच्या मुलीचा गाडीच्या ड्रायव्हरनंच जीव घेतला, ती मुलगी घरून कामाला निघाली होती. कंपनीनं लावलेल्याच गाडीत बसली होती. म्हणून जाताना पण विचार. हे मी घाबरवायला लिहीत नाही. ज्या दिवशी ते पेपरात आलं त्या दिवशी तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मला ते अजून जात नाही डोक्यातून.

सुजित म्हणतो तुझी वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन ही उन्हाळ्यातली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळ तासभर मागं घेतात, की इथं तुझी पाळी साडेसात ते साडेचार होणार, ती मार्चपर्यंत. म्हणजे ऐन थंडीत एक तास आणखी उशिरा. दिवाळीला सुट्टी असेलच असं नाही, पण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते, त्यांचा सण असतो म्हणून. हे तुला माहीत असेल. मला कळल्यावर मी उगीच कॅलेंडर काढून बसले, भाऊबीज कधी येते ते बघत.

आता थोडं कामाचं ऐक. सुट्टीच्या दिवशी एकदम सगळं उलटं करून दिवसा जागायचं आणि रात्री झोपायचं असं करू नकोस, सोमवार जड जातो. आण्णा सुट्टीलाही निदान दहापर्यंत लोळायचे. कामाला जाण्याआधी नीट जेवून जा. मध्यरात्री तिथल्या कॅन्टीनचं तळलेलं खाऊ नकोस, भाकरी आणि दही ने, मुगाची उसळ ने. एकनंतर चहा नको. पाळी सुटल्यावर कुणाच्या गाडीवर मागं बसू नकोस, तो चालवणाराही रात्रभर जागलेला असतो, पहाटे डुलकी लागते ती माणसाला सांगून लागत नाही. उजाडायच्या आत झोपायला पड. झोप येत नसली तरी मोबाइल घेऊ नकोस. डी व्हिटॅमिन तपास दर सहा महिन्यांनी. महिन्याची पाळी चुकायला लागली, केस गळायला लागले, तर ताणत बसू नकोस, दाखव आणि मला कळव. कुठलीही गोष्ट...

बघ, सुरू झालं माझं. तू आता पंचवीसची आहेस आणि कोल्हापुरात एकटी राहून स्वतःचं सगळं करतेस, मला माहीत आहे. रागावू नकोस. तू म्हणतेस ना, आई एक वाक्य बोलायला येते आणि दहा बोलून जाते.

आण्णा "जाऊ दे" म्हणाले खरे, पण त्या रात्री त्यांनाही झोप नव्हती. उठून ओट्यावर बसले होते. मी गेले तर एकदम कारखान्यातल्या साखर शिजवायच्या पॅनचं बोलायला लागले. तुला एकदा कारखाना दाखवायला नेलं होतं, आठवतं? तू चौथीत असशील. वर पॅनवर इतकं गरम की तुझे गाल लाल झाले. आण्णांनी पॅनमधला पाक सळीनं काढून काचेच्या पट्टीवर पसरला, दिव्यासमोर धरला आणि तुला दाखवला, बघ दाणा आला. तुला आधी काही दिसेना, मग दिसला आणि तू ओरडलीस. ते सांगत होते, रात्री तीनच्या सुमाराला तो दाणा बघताना डोळे मिटायचे. दाणा बारीक राहिला की मोठा झाला हे कळायला नजर लागते, आणि नजर झोपेवर असते. म्हणाले, "तिच्यानं घरी मी कधी अर्धवट झोपलो नाही, म्हणून माझा पॅन कधी बिघडला नाही." तिच्यानं म्हणजे माझ्यानं. तीस वर्षांत हे पहिल्यांदा म्हणाले. मला काय बोलावं कळेना, मी म्हटलं थंडी आहे, आत चला.

त्यांच्या पायाच्या मुंग्या वाढल्यात. डॉक्टर म्हणतात साखर ताब्यात नाही, गोळी बदलली आहे. तू लगेच येऊ नकोस, शनिवारी येतेच आहेस.

पैशाचं एक बोलते. पगार दुपटीच्या जवळ जाणार हे मला कळतं. सुजितची फी, घरावरचं सोसायटीचं कर्ज, हे तू मनात धरून निर्णय घेतेयस असं मला वाटतं, तू कबूल करणार नाहीस. ते कर्ज आण्णांच्या आणि माझ्या नावावर आहे. ते आम्ही फेडू. आण्णांचं पेन्शन किती ते तुला माहीत आहे, पण वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचं चाललंय. तू ही नोकरी घेतलीस तर तुझ्यासाठी घे. तिथून पुढं दिवसपाळीचं काम, टीम लीडर, जे काय तू सांगत होतीस, त्यासाठी घे.

माझं मत विचारलंस, तर घे. मी नको म्हणत नाही. आमच्या घरात बाईनं रात्री घराबाहेर राहून कमवायचं म्हणजे माईनंतर तूच, आणि माईचं आम्हाला कधी कमी वाटलं नाही. पण होकार कळवायच्या आधी खोली बघ. शुक्रवार लांब नाही, मुदत मागून घे, दोन-चार दिवस कुठलीही कंपनी देते. गुरुवारी रजा टाक, कोल्हापुरातनं सकाळची गाडी धर आणि जाऊन ये. त्याच पाळीतल्या मुली कुठं राहतात ते विचार आणि त्यांच्यातच राहा, चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत. सगळ्या एका वेळेला येणार, एका वेळेला झोपणार, मग एकमेकींची झोप राखतील. अशा मुली नाही मिळाल्या तर एकटीची खोली बघ. मधला मजला बघ. वरचा मजला स्लॅब तापला की मे महिन्यात दिवसा भट्टी होते. दुपारी बारा वाजता खोलीत जाऊन दहा मिनिटं गप्प बसून ऐक. रात्री किंवा रविवारी खोली बघितली तर काही कळणार नाही.

आणि पहिले दोन महिने मी येते. आण्णांना विचारलंय. थोरल्या काकी त्यांचं जेवणाचं बघतील, गोळ्या सुजित देईल. तू लगेच नाही म्हणशील, पीजीत चालत नाही म्हणशील. म्हणूनच सांगते, एकटीची खोली बघ. मला तिथं काही नको, एक गादी आणि एक शेगडी पुरे. तू झोपशील तेव्हा मी दाराशी बसेन, कुरिअरवाल्याला बेल वाजवू देणार नाही. तुझ्या शरीराला सवय लागली, झोप बसली, की मी माझी परत येईन. पुण्यात बसून तुला उपदेश करणार नाही. जमेल तेवढं करणार नाही.

आत्याला अजून काही सांगितलेलं नाही. तिला कळलं की सगळ्या गावाला कळेल आणि प्रत्येक जण मत देईल. तूही सध्या बोलू नकोस.

गुरुवारचं काय ते रात्री कळव. वडे केलेत, शनिवारी न्यायला डबा रिकामा घेऊन ये, मागचे दोन तुझ्याकडंच आहेत.

तुझी,
आई

ता. क. आण्णा म्हणतात, खोली पूर्वेच्या खिडकीची घेऊ नकोस, सकाळचं ऊन थेट डोळ्यावर येतं. पश्चिमेची पण नको, दुपारनंतर तापते. उत्तरेची मिळाली तर बघ, आणि खिडकीची मापं घेऊन ये. जाड कापड मी इथूनच शिवून आणते.